‘व्यसन काही नाही, तंबाखू तेवढी खातो’

केसपेपरवर तीन ठिकाणी, तीन वेगळ्या हस्ताक्षरांत एकच नोंद होती : व्यसन – नाही. चौथा कागद भरायला हा माणूस माझ्यासमोर बसला, तेव्हा त्याच्या डाव्या गालाच्या आत रुपयाएवढी जखम होती, खालच्या जबड्याचं हाड पोखरलं होतं आणि जबड्याखाली गाठ हाताला लागत होती. बोलताना तंबाखूचा वास येत होता. तरी मीही तेच विचारलं, "मामा, व्यसन काही?"

"न्हाई मॅडम. दारू न्हाई, बिडी न्हाई, वंगाळ नाद कसलाच न्हाई. तंबाखू तेवढी खातो."

ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे व्यसन म्हणजे दारू. फार तर जुगार. ज्यानं घर मोडतं, ज्याची गल्लीत चर्चा होते, ते व्यसन. तंबाखू चहाच्या रांगेत बसते. म्हणूनच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. मामांना तंबाखूनं आजारी पाडलं, पण आजार जबड्यापर्यंत पोचला तो आमच्या चुकीच्या प्रश्नामुळे, असं माझं ठाम मत झालं आहे.

मी कोल्हापुरात कर्करोगाच्या रुग्णांसाठी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. सरकारी आरोग्य योजनेची कागदपत्रं, नातेवाइकांना समजावणं, तंबाखू सोडायला मदत करणं, हे माझं काम. या माणसाला मी मामा म्हणते, त्यांच्या बायकोला मावशी. नावं, गाव आणि कारखाना लिहीत नाही. दोघांनी लिहायला हो म्हटलं. मावशींची अट एकच होती : "वहीतला हिशेब नीट उतरवा."

मामा

वय ४८. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर. घर करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या पलीकडच्या अंगाला. कंत्राटी कामगार, हातात महिन्याला १८,००० रुपये. मावशी भांगलणीला, ऊसतोडीच्या हंगामात पाचट काढायला जातात. मुलगी लग्न होऊन कागलला, मुलगा आयटीआयला.

आजोळ निपाणीकडचं. कोल्हापूरच्या माणसाला हे एवढं सांगितलं की पुढचं कळतं. निपाणी कर्नाटकात, पण बोलणं-चालणं मराठी, आणि सगळा पट्टा बिडीच्या तंबाखूचा. मामा लहानपणी सुट्टीत आजोळी जायचे ते तंबाखूच्या शिवारात आणि वखारीतच वावरायचे. पान वाळवणं, कुटणं, चाळणं, त्या उग्र वासानं डोकं गरगरणं हे त्यांनी शाळेच्या वयात पाहिलं. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखू उत्पादकांचं आंदोलन झालं, हायवेवर बायका-पोरांसह शेतकरी बसले. मामांचा मामा त्यात होता. ही गोष्ट ते छाती भरून सांगतात. ज्या पिकाच्या भावासाठी आपली माणसं रस्त्यावर बसली, त्या पिकाला व्यसन म्हणायला जीभ वळत नाही. हे मला समजायला दोन बैठका लागल्या.

पहिला बार भरला तो अठराव्या वर्षी. गंमत म्हणून नाही, दाढ दुखत होती म्हणून. दाढ दुखली की तंबाखू धरायची, ही घरोघरची औषधयोजना. निकोटिननं ठणका क्षणभर बधिर झाल्यासारखा वाटतो, आणि दाढ बरी झाली नाही तरी तंबाखू राहते. बाविसाव्या वर्षापासून रोज, फौंड्रीत लागल्यावर दिवसाला आठ-नऊ बार. शेवटची सात-आठ वर्षं त्यात मावाही आला.

मोल्डिंगचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगते. काळी वाळू, साचे, समोर भट्टीची धग, लोखंडाचा रस ओतायची वेळ झाली की जागा सोडता येत नाही. दोन्ही हात गुंतलेले. बिडी ओढायला बाहेर जावं लागतं, गालात धरलेल्या तंबाखूला हात लागत नाही. रात्रपाळीत झोप येत नाही, भूक मरते. वर एक समजूत : नाका-तोंडात गेलेली वाळू तंबाखूच्या थुंकीबरोबर निघून जाते. मामांच्या पाळीतल्या बहुतेकांचा यावर विश्वास आहे. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाते, तिचा थुंकीशी संबंध नसतो. पण रात्री तीन वाजता भट्टीपुढं उभ्या असलेल्या माणसाला ही समजूत उपयोगाची वाटते, कारण ती त्याच्या तलफेला कारण पुरवते.

तंबाखू चुन्याबरोबर का मळतात, हे मी मामांना विचारलं. "चुन्याशिवाय लागत न्हाई." अगदी बरोबर. चुन्यामुळे तोंडात क्षाराचं प्रमाण वाढतं, निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या त्वचेतून भराभर रक्तात उतरतं. तोच चुना त्या नाजूक त्वचेला रोज थोडं थोडं भाजतही राहतो. तंबाखू वाळवताना, मुरवताना तिच्यात नायट्रोसामाईन नावाची रसायनं तयार होतात, आणि भाजलेल्या त्वचेतून त्यांना आत शिरायला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं न ओढता खाल्ल्या जाणाऱ्या तंबाखूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. सुपारीलाही, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलासुद्धा. माव्यात सुपारी, चुना, तंबाखू तिन्ही एकत्र मळलेली असतात.

मामांचा बार ठरलेल्या जागी असायचा. डावा गाल, खालच्या दाढांच्या बाहेर. झोपतानाही. कर्करोग त्याच जागी झाला, बोटभरही इकडे-तिकडे नाही.

तांबडा रस्सा सुटला, तिथून

सुरुवातीची खूण मावशींना दिसली. जानेवारी २०२४. घरात मटण होतं आणि मामांनी तांबडा बाजूला सारून पांढरा रस्सा मागितला. "इतक्या वर्षांत कवा मागितला न्हवता बगा." पुढच्या आठवड्यात ठेचा सुटला, मग भाकरीचा काठ टोचायला लागला. तिखट लागणं, गालात आग होणं हे तोंडाच्या त्वचेतल्या बदलाचं फार जुनं आणि खरं लक्षण आहे. कोल्हापुरात तर ते लगेच लक्षात यायला हवं, इथं माणूस तिखट सोडतो तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. पण घरात त्याचं निदान झालं : उष्णता वाढली. भट्टीचं काम, उन्हाळा जवळ, तोंड आलंय.

‘तोंड आलंय’ या दोन शब्दांत सहा महिने गेले. औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि गालाला लावायचं जेल आणलं. जेलमध्ये बधिर करणारं औषध असतं, त्यामुळे चार दिवस बरं वाटलं. मग गुलकंद, मग सब्जा. गावातल्या दवाखान्यात दोनदा दाखवलं, पेपरवर ‘व्यसन – नाही’ आणि हातात पुन्हा गोळ्या. जुलैत त्याच बाजूची दाढ हलायला लागली म्हणून दातांच्या दवाखान्यात गेले. अर्जावर ‘व्यसन’ असा एक चौकोन होता, मुलानं तो भरला : नाही. दाढ काढली.

ही काढलेली दाढ या प्रकरणातली सगळ्यात महाग गोष्ट ठरली. हिरडी नीट असताना एकच दाढ हलत असेल, तर खालचं हाड कशानं तरी खाल्लं जातंय का, हे पाहावं लागतं. दाढ ओढल्यावर तिथला खड्डा भरून यायला हवा. भरला नाही, उलट त्यातून मांस वर आलं. पुन्हा दाखवलं, ‘जखम चिघळली’ म्हणून प्रतिजैविकं मिळाली. सप्टेंबरात गालाला सूज, ऑक्टोबरात कान दुखायला लागला. कानाच्या डॉक्टरांकडे गेले, तिथं तिसरं ‘नाही’ लिहिलं गेलं. पण त्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावून टॉर्च मारला आणि त्याच दिवशी पुढे पाठवलं. त्यांचे मी मनापासून आभार मानते. दहा महिन्यांत गालाच्या आत नीट पाहणारे ते पहिले.

कोणा एकाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. प्रत्येकानं विचारलं होतं, प्रत्येकाला उत्तर मिळालं होतं. तरी एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करून ठेवावी : तोंडातली जखम, चट्टा, गाठ दोन आठवड्यांत पूर्ण बरी झाली नाही, तर कारण काहीही वाटो, तज्ज्ञाला दाखवायची. पांढरा चट्टा दुखत नाही. लाल चट्टाही बहुतेकदा दुखत नाही आणि तो पांढऱ्याहून धोक्याचा. दुखायला लागेपर्यंत थांबणाऱ्याचे महिने वाया जातात.

‘चौथी स्टेज’

नोव्हेंबरात तुकडा तपासला, सीटी स्कॅन झाला. गालाचा आणि खालच्या जबड्याचा कर्करोग, हाडात शिरलेला, मानेतल्या एका गाठीत पसरलेला. कागदावर स्टेज चार. मामांचा मुलगा तो कागद घेऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. आमच्या लोकांना ‘चौथी स्टेज’ म्हणजे शेवट एवढंच माहीत असतं, आणि पुष्कळ घरं इथंच उपचार सोडून देवऋषाकडे वळतात.

म्हणून त्या दिवशी मी बाकी सगळं बाजूला ठेवून तासभर त्यांच्यासोबत बसले. तोंडाच्या कर्करोगात गाठ हाडात शिरली की आजार चौथ्या पायरीत मोजतात, फुप्फुसात वगैरे पसरलेला नसला तरीही. या पायरीतही शस्त्रक्रिया होते आणि बरे होणारे रुग्ण असतात. पण हेही लपवलं नाही की पहिल्या पायरीत सापडलेले बहुतेक जण पाच वर्षांच्या पुढे जातात, आणि इतका पुढे गेलेल्या आजारात हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं : "जेवता येईल का?"

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. डाव्या बाजूचा खालचा जबडा, गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. पोकळी झाकायला छातीचा स्नायू त्वचेसकट वर वळवून आणला. पायाचं हाड लावून जबडा बांधायचीही पद्धत आहे, ती लांबची आणि नाजूक शस्त्रक्रिया असते, मामांच्या बाबतीत डॉक्टरांनी छातीचा पर्याय निवडला. भुलीच्या तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला, म्हणून शस्त्रक्रिया चार दिवस पुढे गेली होती. निकोटिन प्रत्येक बाराला नाडी आणि रक्तदाब वर ढकलतं. तंबाखू खाणाऱ्याच्या हृदयाकडे कोणी पाहत नाही, कारण धूर नसतो.

छातीच्या त्वचेला केस असतात. तीच त्वचा आता तोंडात होती, आणि तीन आठवड्यांनी तिथं केस उगवले. हे आधी सांगायचं राहून गेलं होतं, ती आमची चूक. मामांना घास गिळताना केस लागायचे आणि ते ताट ढकलून उठायचे. मावशी कुणाला सांगायलाही लाजत होत्या. पुढे रेडिएशननं ते केस गळले.

रेडिएशन जानेवारीच्या मध्यापासून. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, तीस वेळा. तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाची आतली त्वचा सोलल्यासारखी झाली. नाकातून नळी होती, त्यातून नाचणीची आंबील, वरणाचं पाणी, दुधात फेटलेलं अंडं. वजन ६७ किलोवरून ५३ वर आलं. लाळेच्या ग्रंथी भाजल्या गेल्या, त्या पूर्वीसारख्या होणार नाहीत. आता मामांच्या हातात सदोदित पाण्याची बाटली असते, कोरडा घास उतरत नाही. बोलणं जवळच्या माणसालाच कळतं. कारखान्यात हाक मारून सांगायचं काम होतं त्यांचं.

मावशींची वही

उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले, शस्त्रक्रिया आणि रेडिएशनला पैसे पडले नाहीत. लोक म्हणतात, ‘मग फुकटात झालं की’. मावशींनी शंभर पानी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, रिक्षाच्या भाड्यापासून. ते असं.

निदान होईपर्यंतचे दवाखाने, दाढ काढणं, गोळ्या-जेल : ६,४०० रुपये. योजनेची मंजुरी यायच्या आधीचा स्कॅन आणि तपासण्या : ९,८००. रेडिएशनचे पहिले बारा दिवस केएमटीनं गेले, नंतर बसमध्ये उभं राहवेना म्हणून रिक्षा, येऊन-जाऊन ४०० प्रमाणे अठरा दिवस : ७,२००. प्रोटीन पावडर, दूध, अंडी, मिक्सर, ड्रेसिंगचं सामान : १४,६००. मावशींची साधारण शंभर दिवसांची बुडालेली मजुरी, ३०० प्रमाणे : ३०,०००. गंठण पतसंस्थेत तारण ठेवून ८०,००० उचलले, वर्षाला बारा टक्क्यांनी दहा महिन्यांचं व्याज : ८,०००. आणि मामांचा सात महिन्यांचा बुडालेला पगार : १,२६,०००.

बेरीज २,०२,००० रुपये. अकरा पगारांहून जास्त, तेही ‘फुकट’ उपचारात. गंठण अजून पतसंस्थेतच आहे, मुद्दल फेडायचं आहे.

यातला एक मोठा आकडा टळू शकला असता. मामांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वर्गणी कापली जात होती. ईएसआयमध्ये कर्करोगासारख्या लांबच्या आजारासाठी दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद आहे. अट अशी की सलग दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी आणि आधीच्या चार वर्गणी-कालखंडांत किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. मधे कंत्राटदार बदलला, नव्यानं नवा विमा क्रमांक काढला, काही महिने वर्गणी भरलीच नाही. जुना क्रमांक नव्याला जोडून घ्यायला आम्ही खूप धडपडलो, पण मधला खंड भरून निघाला नाही. सात महिन्यांचे जवळजवळ एक लाख रुपये असे गेले. कंत्राटी कामगारांनी मोबाइलवर आपल्या वर्गणीचा हिशेब दर सहा महिन्यांनी पाहत राहावा. हे तंबाखूबद्दलचं नाही, पण तंबाखूचा आजार अशाच घरांत येतो जिथं एक खंड पडला की सगळं कोसळतं.

वहीच्या शेवटच्या पानावर मी मावशींना आणखी एक हिशेब मांडायला लावला. दहा रुपयांच्या दोन पुड्या, पंधरा रुपयांचे दोन मावे : दिवसाला ५० रुपये. वर्षाला १८,२५०. मावशी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. वर्षाला एका महिन्याचा पगार, आणि तो घरात आल्यासारखा कधी दिसलाच नव्हता, कारण दहा-दहा, पंधरा-पंधरा करून पानपट्टीवर सुटत गेला. सणाला साडी घेताना घासाघीस होते, भिशीचा हप्ता मागेपुढे झाला की भांडण होतं. पुडीवरून त्या घरात कधी भांडण झालं नाही.

देशाची वही याहून वेगळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात २०१७-१८ या एका वर्षात भारताला तंबाखूमुळे झालेल्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा भार १,७७,३४१ कोटी रुपये निघाला. तंबाखूच्या उत्पादन शुल्कातून येणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांमागे समाजाला ८१६ रुपयांचा खर्च, असं त्यात मांडलं आहे. सरकारला तंबाखूतून पैसा मिळतो म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते, आणि मग मावशींची वही दाखवते. वही लवकर पटते.

मिश्री

रेडिएशनच्या काळात एक दिवस सकाळी लवकर गेले, तर वॉर्डाच्या मागच्या नळाजवळ मावशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. तर्जनी काळी, ओठाखाली फुगवटा. मी पाहिलं म्हणून त्या ओशाळल्या. अडीच महिने मी त्यांच्याशी तंबाखूवर बोलत होते, पाच-सहा वेळा विचारलं होतं, "तुम्ही काही खात नाही ना?" "न्हाई ओ, बायामाणसं कुठं खात्यात?"

तंबाखू तव्यावर भाजून, पूड करून दातांना लावायची ती मिश्री. खात नाहीत, लावतात. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं ओठाखाली. मावशींना ती त्यांच्या आईनं दहाव्या वर्षी लावायला शिकवली, दात घासायला म्हणून. त्यांच्या लेखी ती तंबाखू नाहीच. पुन्हा तेच : प्रश्न माझ्या भाषेतला, उत्तर त्यांच्या भाषेतलं, आणि दोघी खरं बोलत होतो.

त्याच दिवशी त्यांचं तोंड तपासून घेतलं. खालच्या ओठाच्या आत, मिश्री साठायची तिथं, सुरकुतलेला पांढरा चट्टा होता. तुकडा तपासला, कर्करोग नव्हता. सवय सुटली तर असे चट्टे पुष्कळदा हळूहळू कमी होतात, मावशींचाही झाला आहे.

दुसऱ्या बाळंतपणात मुलगा फार लहान जन्मला होता, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. तो मिश्रीमुळेच, असं मला म्हणता येणार नाही. पण मुंबईत गरोदर बायकांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली होती, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही वाढलेला दिसला होता. गरोदरपणाच्या कार्डावर मिश्रीचा वेगळा रकाना हवा, हे मी तेव्हापासून भेटेल त्या आशाताईला सांगते.

मावशींना सोडताना सगळ्यात जड गेलं ते पोट. "मिश्री लावल्याबिगर साफच हुईना." बायका हे मोकळेपणी सांगत नाहीत आणि याच कारणानं चौथ्या दिवशी पुन्हा डबी उघडतात. निकोटिन आतड्यांना हालवतं, तीस-पस्तीस वर्षं त्याच इशाऱ्यावर चाललेलं पोट अचानक अडतं. पहाटे गरम पाणी, रात्री भिजवलेले मनुके, पालेभाजी आणि डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ होण्याचं औषध, असे तीन आठवडे काढले. सोबत निकोटिनचं दोन मिलिग्रॅमचं गम, थोडं चावून गालात धरायचं. मग बडीशेप आणि ओवा.

मामांना गम देता आलं नाही, चावायला जबडाच नव्हता. त्यांना त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच लावला. वॉर्डात पहिले चार दिवस ते सगळ्यांवर खेकसत होते, झोप नव्हती, हात थरथरायचे. सिस्टर म्हणायच्या, हा पेशंट भांडकुदळ आहे. तो तलफेचा त्रास होता, आणि पॅच लागल्यावर तो निवळला. पहिला आठवडा कठीण, तीन-चार आठवड्यांत शरीराचा त्रास ओसरतो. पुढे राहते ती आठवण : चहानंतर, पाळी सुटताना, पारावर बसल्यावर. ती लाट पाच-दहा मिनिटांत उतरते, तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काहीतरी हवं.

तरी एप्रिलमध्ये मामांनी उजव्या गालात बार भरला. भेटायला आलेल्या जोडीदारानं प्रेमानं मळून दिला होता. मामांनी स्वतः येऊन सांगितलं, मी रागावले नाही. तीस वर्षं चुना-तंबाखूत भिजलेल्या तोंडाची सगळीच त्वचा बदललेली असते, उजवा गाल ‘चांगला’ नसतो, तिथं नवा कर्करोग होऊ शकतो, हे आरशात दाखवून समजावलं. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक त्यांच्या फोनमध्ये घातला. तंबाखूच्या पुडीवरही तो छापलेला असतो, पण ते बारीक अक्षर वाचायला कोण थांबतो? त्यानंतर आजवर बार भरलेला नाही. मामा असं सांगतात आणि मावशी मान डोलावतात.

फौंड्रीच्या गेटवर

जुलै २०२५ मध्ये मामा कामावर परतले. मोल्डिंगला नाही, स्टोअरला. मालकांनी ठेवून घेतलं, ही मोठी गोष्ट. त्यांच्याच ओळखीनं पाळी बदलताना गेटवर तोंड तपासायची परवानगी मिळाली. दंतवैद्य होते, टॉर्च होता, आणि यावेळी मी प्रश्न बदलले होते. व्यसन हा शब्दच काढून टाकला. तोंडात काय धरता? तंबाखू, मावा, मिश्री, नुसती सुपारी? कुठल्या बाजूला? दिवसातून किती वेळा? झोपताना असते का? तिखट लागतं का?

उत्तरं धडाधड आली. ‘व्यसन नाही’ म्हणणारा एकही भेटला नाही, कारण तो प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि न ओढता तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्या बहुतेक पाट्यांवर मात्र सिगारेटवर काट मारलेली असते. मावा खाणाऱ्याला ती पाटी आपल्यासाठी नाही असं वाटतं, आणि पाटीप्रमाणे ते खरंही आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मावा पानपट्टीवर मागेल तसा मळून मिळतो.

आणखी एक साधी तपासणी केली : स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का. सुपारीनं गालाच्या आत दोऱ्यासारखे पट्टे तयार होतात, गाल ताठरतो, तोंड उघडणं हळूहळू कमी होत जातं. पट्टे एकदा आले की पूर्ण जात नाहीत, आणि त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. तिशीच्या आतली पोरं बोटं घालायला लागली तेव्हा सुरुवातीला हसत होती. दोघांची दोनच बोटं गेली, मग हसणं थांबलं.

तिसरा मामांचा मुलगा. बापाचा पगार थांबला तेव्हा आयटीआयचं दुसरं वर्ष सोडून तो त्याच कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागला होता. वॉर्डात बापाच्या उशाशी तो बसलेला मी पाहिला होता, नळीतून आंबील घालताना त्याचा हात किती हलका होता तेही पाहिलं होतं. त्याला मी कधी काही विचारलं नव्हतं. रांगेत त्याचा नंबर आला तेव्हा तो बापाकडे न बघता म्हणाला, "मावा. दोन वर्षं. उजवीकडं." बोटं अडीच गेली.

मामा स्टोअरच्या दारात उभे होते. त्यांना बोलायला वेळ लागतो. बाटलीतलं पाणी प्यायले, ओठ पुसले आणि मुलाला म्हणाले, "सोमवारी मी येतो तुझ्यासंगं."